ओहोटीसर

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही किनाऱ्यावरच्या शाळेत जा, विज्ञानाचा असा एक मास्तर भेटतोच. पाळण्यातलं नाव काही असो, पोरं त्यांना ओहोटीसर म्हणतात. सरांच्या खणात खडू सापडणार नाही, पण पंचांग सापडेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे दर्यावरचं गणित ते सातवीच्या फळ्यावर मांडतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी.

"बाराला खिचडी असते," हेडसर म्हणतात.

शिवाय अष्टमीचा भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. दर्या खरा उघडा पडतो पौर्णिमा-अमावास्येला, आणि तोही पहाटे नाहीतर संध्याकाळी, पाचच्या पुढे-मागे. शाळेला तेव्हा कुलूप. चंद्राचं आणि शिक्षण खात्याचं आतून काहीतरी ठरलंय, असा सरांचा जुना संशय आहे.

मग पालकांना चिठ्ठी जाते : उद्या पहाटे पाचला खडपावर तास. खारवीवाड्याला त्याचं काही वाटत नाही, तिथे त्या वेळी चूल पेटलेली असते. वरच्या आळीतून मात्र विचारणा होते, "हे परीक्षेला येतं का?"

खडपावर सर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, गळ्यात शिट्टी अडकवून उभे. उलटलेला दगड होता तसा ठेवायचा. रिकामा शंखही घरी न्यायचा नाही, त्यात खेकडा बिऱ्हाड करतो. अजून एकदाही अंडी घातली नसतील एवढं लहान मासोळं धरायचं नाही. एवढं सांगून सर कुर्ली उलटी करतात. पोटावरची पट्टी निमुळती तो नर, रुंद ती मादी.

"सर, ते आम्हाला पहिलीपासून माहीत आहे," खारवीवाड्यातली पोरगी म्हणते. "आणि ही पोकळ आहे. पौर्णिमेच्या कुर्ल्या पोकळच, आजी सांगते."

दुसरा मास्तर इथे 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळा झाला असता. ओहोटीसर उजळतात. कात टाकलेली कुर्ली आधी पाणी पिऊन फुगते, मांस मागाहून भरतं, म्हणून ती हलकी लागते, एवढं ते सांगतात. पण त्याचा चंद्राशी संबंध आहे का? "तोलून बघू!" घरचा तराजू येतो. पाठीची रुंदी पट्टीने मोजायची, वजन घ्यायचं, वहीत टिपायचं, कुर्ली सोडून द्यायची. अमावास्येची पानं झकास भरतात. पौर्णिमेचा नमुना मात्र एका रात्रीपुरता आजीकडे ठेवलेला असतो, आणि आजी त्याचं कालवण करते. पोकळ होत्या का, विचारलं तर म्हणते, "रस्सा बरा झाला."

खरी पंचाईत रविवारी, मासळीबाजारात. सर एका दणदणीत कुर्लीचा भाव करत असतात.

"सर, उलटी करून बघा."

मागे निम्मी सातवी उभी. कुर्लीच्या पोटाखाली अंड्यांचा नारिंगी पुंजका. सर ती टोपलीत परत ठेवतात, कोळणीच्या शिव्या खातात आणि गुमान बांगड्यांकडे वळतात.

पोरगी खिशातून पट्टी काढते.