कॉट नंबर तीन

पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या आमच्या खोलीत दोन कॉट होत्या, दोन टेबलं, दोन कपाटं आणि चार माणसं. दोघांची नावं नोटीस बोर्डावरच्या यादीत होती. उरलेल्या दोघांना तिथल्या भाषेत 'पॅरासाइट' म्हणतात. हा शब्द प्राणिशास्त्राच्या एखाद्या मुलानं रागाच्या भरात आणला असावा. पण आमच्या काळापर्यंत त्यातला अपमान पार झिजून गेला होता. "तू कुठल्या डिपार्टमेंटला?" असं विचारल्यावर "मी पॅरासाइट" हे उत्तर लोक भूगोल किंवा संख्याशास्त्र म्हटल्यासारखं देत.

आमचा पॅरासाइट म्हणजे आबा. दुसरा होता, पण तो दर तीन महिन्यांनी बदलायचा. आबा कायम.

अलॉटमेंटची चिठ्ठी, पत्र्याची पेटी आणि गावाकडचे लाडू घेऊन मी पहिल्यांदा खोलीवर गेलो, तेव्हा दार आतून उघडलं. बनियन-लुंगीतला एक गृहस्थ म्हणाला, "या. तुमचीच वाट बघायलो." मला वाटलं रूम पार्टनर. त्यानं मला माझं कपाट दाखवलं, पंखा तीनवर आणि पाचवरच चालतो हे सांगितलं, खिडकीची कुठली कडी धरत नाही ते करून दाखवलं. मग माझी पेटी उचलून माझ्या कॉटखाली सारली आणि त्याच कॉटखालून स्वतःची गादी ओढून काढली. तेव्हा कुठे मला उलगडा झाला. माझ्या आधीच्या मुलाच्या वेळीही तो तिथेच होता, आणि त्याच्या आधीच्या मुलाच्या वेळीही. पंखा, टेबल आणि ट्यूबलाइटबरोबर आबा हा त्या खोलीच्या डेड स्टॉकचाच भाग होता. फक्त रजिस्टरात नोंद नव्हती एवढंच.

आबा लातूरकडचा. एम.ए.साठी आला, एम.ए. झाला, वसतिगृहाची मुदत संपली आणि तो खोलीबाहेर पडला. तसाच कॉरिडॉरमधून चार दारं पुढे गेला. त्यानंतर सेट दिली, एमपीएससीची पूर्वपरीक्षा दिली, फौजदारकीसाठी छाती फुगवून मोजून आला. गावाकडे मात्र फोनवर एकच वाक्य असायचं, "विद्यापीठात हाय." हे अक्षरशः खरं होतं. विद्यापीठात कोण म्हणून आहे, असं गावात कुणी विचारलं नाही आणि आबानंही आपणहून विषय काढला नाही. तिकडे दोन-तीन स्थळं केवळ या वाक्यावर येऊन गेल्याचं ऐकिवात होतं.

उपऱ्यासारखं राहणं सोपं नसतं. आबाचे नियम कडक होते. मालकाच्या आधी उठायचं. उठल्याबरोबर गादीची वळकटी करून कॉटखाली, उशी वळकटीत. स्वतःची अंघोळ मालकाच्या आधी उरकायची, पण येताना मालकाची बादली भरून ठेवायची. मालक खोलीत नसताना त्याच्या कॉटवर बसायचं नाही. मालकाचा लाडू त्यानं दिल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि दिला तर एकदा "नको" म्हणायचं. (आबा "नको" म्हणायचा ते हात पुढे करूनच, हेही नोंदवून ठेवतो.) मी रीतसर फी भरलेला विद्यार्थी, मी साडेनऊला उठायचो आणि माझी बादली भरलेली असायची. संकोच वाटायचा. पंधरा दिवसांत तो गेला.

चारशेअकरा एकरांचा तो परिसर आबाला तळहातासारखा माहीत होता. जयकर ग्रंथालयाच्या वाचनकक्षात कुठल्या खुर्चीला डुलकी लागत नाही, कुठल्या क्लार्कला जेवणाच्या सुट्टीआधी गाठायचं आणि कुणाला नंतर, मायग्रेशनचा फॉर्म कुठल्या खिडकीवर, अनिकेत कॅन्टीनला उधारी कुठवर ताणते, सगळं तोंडपाठ. 'कमवा व शिका'ची मुलं झाडांना पाणी घालायची, तेव्हा हा शेजारी उभा राहून कुठल्या झाडाला किती, ते सांगायचा. मुलं ऐकायची. त्यांना तो बागेचा सुपरवायझर वाटायचा. नवीन प्रवेशाच्या दिवसांत तर भांबावलेली पोरं आणि त्यांचे टोपीवाले वडील यांची रांग कार्यालयाकडे कमी आणि आबाकडे जास्त असायची. फॉर्म भरून देताना तो एकच प्रश्न आवर्जून विचारायचा, "हॉस्टेलला नंबर लागंल का?" लागेल म्हटलं की त्या पोराला चहा.

गावाकडचं कुणी आलं की आबा त्यांना मुख्य इमारत दाखवायला न्यायचा. "ही आधी गव्हर्नरची कोठी. बार्टल फ्रिअरनं बांधायला काढली. १९४९ ला विद्यापीठ झालं, तवा इथं पहिले कुलगुरू जयकर बसले." मग हिरवळीवर हात करून खरी गोष्ट यायची. "२२ जून १८९७. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून हितं मेजवानी. रँडसायबाला रीतसर निमंत्रण. आत जेवला, नाच बघितला, बाहेर पडला, आन् गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गाठला." इथे थोडं थांबून आबा माझ्याकडे बघायचा. "आता मला सांगा, निमंत्रण असून काय उपेग झाला?"

पण आबाचा खरा अधिकार मला कळला तो चेकिंगच्या रात्री.

चेकिंग म्हणजे रेक्टरांनी अचानक येऊन जादा माणसं हुडकणं. 'अचानक' ही बातमी संध्याकाळी सहालाच आलेली असायची. मग कॉरिडॉरमध्ये वळकट्यांची धावपळ, कुणी गच्चीवर, कुणी रिफेक्टरीच्या मागे, कुणी मित्राच्या मित्राकडे. आबा मात्र अंगात स्वेटर घालून खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी जाऊन बसायचा. पळणाऱ्याला पकडतात, बसलेल्याला कुणी हात लावत नाही, हा त्याचा अनुभव. त्या रात्री मी नऊ-साडेनऊला बाहेरून आलो तर दारातच रेक्टर, हातात यादी, बरोबर दोन शिपाई. "आयकार्ड?" मी खिसे चाचपले. आयकार्ड मी दुपारी ग्रंथालयाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलं होतं आणि पुस्तक परत केलं होतं. चूक शंभर टक्के माझी. मी नाव सांगितलं, रूम नंबर सांगितला. सर म्हणाले, "असं सगळेच सांगतात." तेही खरंच होतं, सगळे माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासानं सांगत असावेत. मी "सर, मी... म्हणजे..." करत राहिलो. मागे उभ्या असलेल्या मुलांनाही मी आता संशयास्पद वाटू लागलो होतो.

तेवढ्यात खुर्चीवरून शांत आवाज आला, "सोडा सर त्यांना. आपल्याच हॉस्टेलचे हायेत. मी वळखतो."

सरांनी वळून बघितलं. "अरे आबा, तू आहेस होय? मग ठीक आहे." आणि मला म्हणाले, "पुढच्या वेळी असं चालणार नाही." मी मान खाली घालून आत गेलो. यादीतल्या माणसाला यादीबाहेरच्या माणसानं जामीन राहून सोडवून आणलं, ही घटना त्यानंतर दोन वर्षं मेसमध्ये माझ्यादेखत सांगितली जात होती.

पुढे 'पॅरासाइट' नावाचा कोरियन सिनेमा आला आणि २०२० मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. आमच्या जुन्या मित्रमंडळींत फोनाफोनी झाली, जणू आबालाच मिळालंय. त्यानंही कुठूनतरी तो बघितला. मी विचारलं, कसा वाटला? "मालक गावाला गेल्यावर त्याच्या दिवाणखान्यात दारू पीत बसले," आबा म्हणाला. "तिथंच चुकले. आपण कदी मालक नसताना कॉटवर बसलो का?"

आता एवढंच सांगायचं राहिलं. माझ्या शेवटच्या वर्षी आबानं परत प्रवेश घेतला. ज्या विषयाची यादी आखूड असते असा एक विषय हेरून दुसऱ्या एम.ए.ला बसला, आणि त्याचा हॉस्टेलला नंबर लागला. रीतसर. नोटीस बोर्डावर नाव, आडनाव, वडिलांचं नाव, रूम नंबर, कॉट नंबर दोन. आबानं ते उभं राहून वाचलं, चहा पिऊन आला आणि परत वाचलं. मग मला बोलावून नेलं आणि म्हणाला, "तुम्ही वाचा बरं." मी मोठ्यानं वाचलं.

आठवड्यानं त्याच्या नव्या खोलीवर गेलो. कॉट नंबर दोनवर त्याच्या तालुक्यातला एक पोरगा तोंड उघडं टाकून झोपला होता. नाव कुठल्याच यादीत नाही, आल्याला चार दिवस झालेले. आबा खाली, आपल्या जुन्या गादीवर.

"वर झोप लागंना," तो म्हणाला. आणि पोराची बादली भरायला उठला.