आउट काढणारे काका

पुण्यातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक काका असे असतातच. त्यांना सायकलवर बसलेलं कुणी पाहिलेलं नसतं आणि सायकलीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नसतं. त्यातही अख्खी सायकल हा त्यांचा विषय नव्हे. ब्रेक, चेन, सीट ही किरकोळ कामं. पंक्चर म्हटलं की ते तोंडाने काही बोलत नाहीत, नुसतं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट दाखवतात. काकांचा विषय चाक, आणि चाकातला आउट. ज्यांनी कधी सायकल हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो: चाक सरळ न फिरता डावी-उजवीकडे डुलायला लागलं की त्याला आउट आला म्हणतात, आणि तारा कमी-जास्त आवळून तो घालवायचा म्हणजे आउट काढायचा.

काका बहुधा भोसरी-चिंचवडकडच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेले असतात, तेही इन्स्पेक्शन खात्यातून. उभी हयात दुसऱ्यांनी केलेला माल रिजेक्ट करण्यात गेली. निवृत्तीनंतर रिजेक्ट करण्यासारखं घरात काही उरलं नाही. दोन-चार दिवस त्यांनी काकूंच्या पोळीचा गोलावा तपासून पाहिला. तेव्हा काकूंनी त्यांना बाल्कनीत पाठवलं, ते आजतागायत तिथेच आहेत.

गिऱ्हाईक शोधायला त्यांना लांब जावं लागत नाही. टाळेबंदीत हौसेने घेतलेल्या गिअरच्या सायकली पार्किंगमध्ये धूळ खात उभ्याच असतात. काका संध्याकाळी फिरायला निघतात ते माणसांच्या तोंडाकडे न बघता चाकांकडे बघत. एखाद्या सायकलचं पुढचं चाक उचलायचं, एक हिसका द्यायचा, ब्रेकच्या रबराशी डोळा नेऊन बघायचं आणि मालकाला हाक मारायची. “आउट आहे,” हे ते अशा आवाजात सांगतात की मालकाने घरच्यांना बोलावून घ्यावं.

बाल्कनीतला थाट बघण्यासारखा असतो. भंगारातल्या सायकलचा चिमटा व्हाइसमध्ये उलटा धरलेला. त्यात चाक अडकवलेलं. चिमट्याच्या दोन्ही पायांना प्लॅस्टिकचे टाय बांधून त्यांची शेपटं रिमपर्यंत आणलेली. चाक हळू फिरवलं की आउट असेल तिथे शेपूट रिमला घासतं आणि ‘खस्’ असा आवाज येतो. मग काकांचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो. रिम उजवीकडे गेली असेल तर तिथली डाव्या बाजूची तार पाव आटा आवळायची आणि शेजारची उजवीकडची पाव आटा ढिली करायची. अर्धा नाही, पाव. दुसऱ्या बाजूची ढिली न करता एकाच बाजूची आवळत सुटलं की आउट जातो, पण चाकाला उडी येते, म्हणजे ते वर-खाली व्हायला लागतं. उडी काढायला जावं तर परत आउट येतो. या दोघांच्या मधे काकांची निवृत्ती छान चालली आहे.

कोपऱ्यावरचा दुकानदार हेच काम बसल्या पाटावर उरकतो. मोजमाप म्हणजे त्याचा अंगठा. चिमट्याला अंगठा टेकवून चाक फिरवतो, गिऱ्हाइकाशी पावसाबद्दल बोलतो आणि चहा यायच्या आत चाक सरळ. काकांना त्याचा विलक्षण राग आहे. “त्याने तारांचा ताण मोजला का?” असं ते विचारतात. दुकानदाराने मोजलेला नसतो. चांगल्या बांधलेल्या चाकातली एकेक तार साधारण शंभर किलोच्या जोराने ओढलेली असते, हे ऐकून तो म्हणतो, “असेल, काका,” आणि पुढची सायकल घेतो.

काकांकडे ताण मोजायचं साधन आहे ते म्हणजे कान. नखाने तार छेडायची, सूर ऐकायचा, शेजारची छेडायची. गिअरच्या मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या चकत्यांनी जागा अडवलेली असते. त्यामुळे त्या बाजूच्या तारा जास्त ताणाव्या लागतात आणि त्यांचा सूर चढा लागतो. डावी बाजू खालच्या सुरात बोलते. दोन्ही बाजू आपापल्या सुरात एकसारख्या वाजेपर्यंत काका थांबत नाहीत. “अहो, सवाईत तंबोरे याहून लवकर लागतात,” असं काकू आतून म्हणतात. काकूंची तक्रार तशी मोजकीच आहे. बाल्कनीत वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांना ग्रीस लागतं, एवढीच. काढून टाकलेल्या तारांचा त्यांनी संसारात उपयोग करून घेतला आहे. पापड भाजायला त्याच, शेगडीच्या बर्नरची भोकं मोकळी करायला त्याच.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं चाक ही मात्र ऐकण्यासारखी हकिगत आहे. खड्ड्यात रिम पिचली, तेव्हा काकांनी नुसता आउट न काढता नव्या रिमवर अख्खं चाक बांधायचं ठरवलं. तारेची लांबी मिलिमीटरपर्यंत नेमकी लागते. ती काढायला लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर कोसाइन मांडला गेला. तारा आल्या. छत्तीस भोकं, छत्तीस तारा, एक तार त्याच बाजूच्या, उलट दिशेने जाणाऱ्या तीन तारांना ओलांडून जायची, त्यातल्या शेवटच्या तारेला खालून. मुलगा रोज क्लासहून येताना डोकवायचा, तेव्हा त्याला एकेक पाठ मिळायचा. तारा हबमधून सरळ न निघता तिरप्या का निघतात? तर पायडलचा पीळ रिमपर्यंत पोचवायला. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने अशा तिरप्या तारांचं पेटंट १८७४ साली घेतलं. आपल्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलला पुढे ३२ तारा आणि मागे ४० का? तर माणूस, दुधाची किटली आणि गॅसचं सिलिंडर मागे बसतं म्हणून. मुलगा मान डोलवायचा आणि बसचा पास काढायचा.

चाक झालं. काकांनी हवा भरायला पंप घेतला, तर व्हॉल्वचं भोक नेमकं दोन तारांच्या फुलीखाली. पंपाचं तोंड आत जाईना. वास्तविक सुरुवात एका भोकाने चुकली होती. दुकानदाराने नळी वाकडी करून हवा भरली असती आणि चाक दहा वर्षं चाललं असतं. काकांनी छत्तीसच्या छत्तीस तारा सोडल्या. आषाढात घेतलेलं चाक गणपतीत परत मिळालं. मुलाने सायकल पार्किंगमधून बाहेर काढली तशी तारांतून ‘टिंग, टिंग’ आवाज यायला लागले. निप्पल फिरवताना तारेला बसलेला पीळ पहिल्या फेरीत असा सुटतो. शहाणा कारागीर आधीच तारा जोडीजोडीने मुठीत दाबून तो काढून टाकतो. काका ते विसरले नव्हते, त्यांच्या मते ते पुरेसं झालं नव्हतं. “थांब!” असं ते बाल्कनीतून ओरडले. मुलाने ऐकू न आल्यासारखं केलं. पोरगं हुशार आहे, पुढे जाईल.

काकांना शक्यतो लग्नाच्या पंगतीत शेजारी बसू देऊ नये. मठ्ठा यायच्या आत ते विचारतात, “सायकलवर बसलेल्या माणसाचं वजन कुठल्या तारांवर असतं?” आपण सरळपणे सांगतो की तार ओझं उचलते ती ओढूनच, म्हणजे हब वरच्या तारांना लटकत असणार. काका याचीच वाट बघत असतात. जोब्स्ट ब्रँट नावाच्या इंजिनिअरने १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ हे अख्खं पुस्तक चाकावर लिहिलं आणि त्यात हे उलटं करून दाखवलं. वजन पडलं की वरच्या तारांचा ताण जवळजवळ तेवढाच राहतो, जमिनीजवळच्या दोन-चार तारांचा मात्र बराच कमी होतो. म्हणजे हिशोबाने हब खालच्या तारांवर उभं असतं. “तार दाबली तर वाकते, मग ती उभी कशी राहील?” असं विचारायचा मोह होतो. विचारू नका. उत्तर बरोबर आहे, पण त्याला जिलबी संपेपर्यंत वेळ लागतो.

एक मात्र कबूल करायला हवं. काकांनी बांधलेलं चाक कधी बिघडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची सायकल सगळ्या खड्ड्यांतून जाऊन अजून सरळ फिरते, आणि याचंच काकांना दुःख आहे. एकदा बांधलेलं चाक पुन्हा त्यांच्याकडे येत नाही.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील आणि तुम्हाला सायकल उद्या हवी असेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानात जा. दिवाळीपर्यंत दम असेल तर काकांकडे जा, याहून चांगलं काम पैसे मोजूनही मिळणार नाही. फक्त द्यायचं तर पुढचंच चाक द्या. मागच्याला फ्रीव्हील असतं, आणि ते उघडून आतले छर्रे मोजायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे.