चौकट कशी टाकावी?

सुरतेतल्या एखाद्या मराठी मंडळाची स्मरणिका लावण्याचे काम गळ्यात पडले असेल, तर आधी एक समजून घ्या. लेख कोणी वाचत नाही. वाचली जाते ती मजकुराच्या मधोमध मोठ्या टायपात टाकलेली चौकट. लेखकाचे काय व्हायचे ते होवो, चौकट जमली पाहिजे.

चौकट लागते कधी? रिंगरोडच्या साडीवाल्याने पाव पानाची जाहिरात ऐनवेळी मागे घेतली, की. भोक जितके मोठे, तितका विचार थोर. वाक्य वीस शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका आणि शेपटी छाटायला कचरू नका. समजा लेखात आहे, ‘सुरतेत मराठी संपली, असे म्हणणाऱ्यांनी एकदा लिंबायत-उधन्यात फिरून यावे.’ पहिले तीन शब्द उचला, अवतरणात घाला, चोवीस पॉइंटात ठोका. लेखकाचा फोन येईल. ‘शब्द तुमचेच आहेत ना?’ एवढेच विचारा.

ही विद्या सुरतेला नवी नाही. काँग्रेसच्या १९०७ च्या अधिवेशनात भांडण होते ते आदल्या वर्षी कलकत्त्याला झालेल्या स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या ठरावांवरून. २७ डिसेंबरला टिळक बोलायला व्यासपीठावर गेले ते खाली उतरेनात, आणि मंडपातून एक दख्खनी जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांपर्यंत गेला. आज चारही ठराव कोणाला विचारून पाहा. जोडा मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक. असली चौकट संपादकाच्या नशिबी रोज येत नाही.

बाकी किरकोळ. चौकट मूळ वाक्याला खेटून लावू नका. तेच दोनदा वाचावे लागले की वाचक पान उलटतो. ओळींत अंतर सढळ सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मजकूर जुन्या श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणला असेल, तर रफार तपासा. बारीक टायपात खपून गेलेला तुटका रफार चौकटीत सभागृहाच्या शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

राहिले अध्यक्षांचे मनोगत. त्यात चौकटीजोगे वाक्य सापडणार नाही, तरी चौकट टाकावीच लागते. अशा वेळी देणगीदारांच्या आभाराचे वाक्य घ्या. ज्यांची नावे आहेत ते तरी पान उघडतील. नावांचा क्रम छपाईआधी खजिनदाराला दाखवा.