ओटीजीदादा

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच येतं) अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. पुढे ख्रिस्ती देवळादेवळांतून पायपेटीवर गीतं म्हणायची रीत पडली. आता भाता फाटला तर तो नीट करणारा सहजी मिळत नाही. मग मोबाईलवर ऑर्गनचं अ‍ॅप येतं, कुणाच्या तरी घरचा कीबोर्ड येतो आणि दोघांची गाठ घालायला ओटीजी अडॅप्टर घेऊन ओटीजीदादा येतो. गळ्यात हेडफोन, पिशवीत वायरींच्या तीन पिढ्या : पाच पिनांची मिडी, चौकोनी यूएसबी आणि टाइप-सी. पाळकसाहेब घड्याळ बघतात, दादा हात वर करतो : "सिग्नल येतोय, आवाज येत नाहीये." त्याला स्वतःला साधा सारेगमही वाजवता येत नाही म्हणून लोक हसतात. माझं म्हणणं असं की, या कामाला न वाजवणाराच माणूस लागतो.

कारण मिडीतून मुळात आवाज जातच नाही. १९८३ सालापासून चालत आलेली ही पद्धत फक्त निरोप देते : अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. पाथर्डीकडचा ऊसतोडीचा मुकादम जसा कोयता न धरता कुणी कुठल्या फडात जायचं ते सांगतो, तसंच हे. निरोपाला वाटा सोळा. दोन कीबोर्ड असतील तर वरचा पहिल्या वाटेवर, म्हणजे चॅनलवर, खालचा दुसऱ्यावर. अ‍ॅप तिसऱ्यावर कान लावून बसलं असेल तर गवई कितीही मोठा असो, देऊळ शांत. कीबोर्डचा स्वतःचा आवाज बंद करायला, म्हणजे 'लोकल ऑफ' करायला विसरलं, तर ऑर्गनच्या मागे पियानोही वाजतो आणि मागच्या बाकावरच्या आजींना वाटतं, आज दोन वादक आलेत. ब्लूटूथ स्पीकर लावला तर मंडळी दुसऱ्या ओळीवर आणि ऑर्गन पहिलीच आळवतोय. वादक अशा वेळी पट्ट्या आणखी जोरात दाबतो. दादा सेटिंग उघडतो.

"त्यापेक्षा पायपेटी बरी," असं जुनी माणसं म्हणतात, त्यात तथ्य आहे. पायाने वारा कमी-जास्त करून गाण्यात आणलेला चढउतार अ‍ॅपमध्ये एक्स्प्रेशन पेडल जोडल्याशिवाय येत नाही. पण पट्टी जोरात दाबल्याने पायपेटीचाही आवाज वाढत नव्हता. म्हणूनच पियानोला न चालणारा स्वस्त कीबोर्ड ऑर्गनला चालून जातो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी याच जिल्ह्यात राहून अभंग-भजनं लिहिली. त्या भजनांना पेटी, तबला आणि टाळ पुरतात, मग ही वायरींची जत्रा कशाला? खरंय. पण 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात पाश्चात्त्य चालींची गीतंही आहेत, आणि चार आवाजांत बांधलेल्या त्या चालींना ऑर्गनचा भरणा लागतो. भजनाच्या वेळी दादा मोकळा असतो, हे मात्र धोक्याचं. तेवढ्यात तो तानपुऱ्याचं अ‍ॅप जोडतो.

तो मिरवतो, हेही कबूल. वाजवणाऱ्याचं नाव कुणी घेण्याआधी "जोडलं कुणी?" हे त्याला ऐकायचं असतं. तेवढं ऐकवायला हरकत नाही. त्याचा अक्षम्य गुन्हा एकच : शनिवारी रात्री सगळं सुरळीत चालत असताना तो अ‍ॅप अपडेट करतो. मंडळीच्या कमिटीने याविरुद्ध ठराव करावा, आणि तो एकमताने व्हावा.