रोवळीतली रेंज

कार्ल्सरूह, जर्मनी
संक्रांतीच्या आधीचा रविवार

ती. नाना आणि ती. सौ. आई,


पाकिटावर परदेशी तिकीट बघून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहोत. व्हिडिओ कॉल असताना टपालखात्याला तसदी द्यायचं कारण एवढंच, की जे सांगायचंय ते सलग सांगता येईल असा कॉल आपल्या घराण्यात अजून झालेला नाही. गेल्या खेपेला नाना आंबे बहाराचं काहीतरी महत्त्वाचं सांगत होते. "मोसंबीचा ताण आता तोडायचा, पण पहिलं पाणी देताना एक गोष्ट..." एवढं म्हणाले आणि गोठले. तोंड उघडं, बोट वर. ती एक गोष्ट कोणती, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. तुमची नात हळूच म्हणाली, "आजोबा चिडले." त्याच वेळी तिकडे पडद्यावर तुमचे चिरंजीव कपबशी तोंडाला लावून बसलेले दिसत होते म्हणे, आणि आई विचारत होत्या, "कामून बोलंना तो? चहा लई गरम हाये का?"

मग नेहमीचं भांडण. चिरंजीवांचं म्हणणं, "अंबडला नेटची बोंब असणारच." नाना म्हणाले, "आमच्याकडं फायबर आलंय. तूच बघ तुझ्या जर्मनीत काय आलंय ते." आता कागदावर लिहून देते म्हणजे पुरावा राहील: नाना, तुमचंच बरोबर होतं.

निकाल लागला तो एका साध्या वायरीनं. राउटरला वायर जोडून तिचं दुसरं टोक सरळ लॅपटॉपमध्ये घातलं, की बिनतारी कारभार बाजूला पडतो आणि दोष कुठे आहे ते उघड होतं. वायरीवरही रडारड असेल तर कंपनीला फोन करावा. वायरीवर सगळं सुरळीत असेल तर चोर घरातच आहे. आमच्याकडे वायरीवर लॅपटॉप घोड्यासारखा धावला. म्हणजे इंटरनेट अंबडहून समुद्र ओलांडून आमच्या दारापर्यंत धडधाकट येत होतं आणि दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत येताना धारातीर्थी पडत होतं.

यातली खरी गंमत गावाची आहे. आपण ज्याला गिगाहर्ट्झ म्हणतो त्यातला हर्ट्झ, हाइनरिख हर्ट्झ, याच कार्ल्सरूहमध्ये प्राध्यापक होता. रेडिओच्या लहरी खरोखर असतात हे त्यानं १८८६ ते १८८८ या काळात इथल्याच तांत्रिक महाविद्यालयात ठिणग्या पाडून सिद्ध केलं. जर्मनीत इंटरनेटवरून आलेली पहिली ईमेल उतरली तीही इथल्याच विद्यापीठात, ऑगस्ट १९८४ मध्ये. आपला जालना जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आणि अशा पुण्यभूमीत तुमच्या चिरंजीवांना दारापासून स्वयंपाकघराच्या पलीकडे लहर नेता येईना. त्यांच्या पदव्यांची यादी तुम्ही सोयरिकीच्या वेळी आम्हाला वाचून दाखवली होती. मी काही बोलत नाही.

घराची रचना सांगते. इथे टेलिफोनचं भोक बहुतेक घरांत असतं तसं दाराशी, जोड्यांच्या कोपऱ्यात आहे. म्हणून राउटरही तिथेच, चपलांच्या पत्र्याच्या कपाटामागे जमिनीवर. तिथून टेबलाकडे सरळ रेघ मारली तर वाटेत आधी ते कपाट, मग न्हाणीघरातला माणूसभर उंचीचा आरसा, मग फ्रीज, मग ओव्हन. पातळ लाकडी दार, पडदे, पुस्तकं यांचं या लहरींना फारसं काही वाटत नाही. हर्ट्झनंही बंद लाकडी दारातून लहर पलीकडच्या खोलीत जाते हे दाखवलं होतं. पण धातू दिसला की ती परत फिरते, आणि आरशाच्या पाठीला धातूचाच लेप असतो. पाणी तिला गिळून टाकतं. इथे हिवाळ्यात कपडे घरातच वाळवावे लागतात, त्यामुळे वरच्या सगळ्या अडथळ्यांनंतर उरलीसुरली लहर माझ्या ओल्या चादरींत मुरायची. माणूसही बराचसा पाणीच असल्यामुळे पाहुणे आले की रेंज आणखी खाली.

हे सगळं समोर दिसत असताना चिरंजीवांनी काय करावं? त्यांनी खरेदी केली. आधी एक रिपीटर आणला आणि जिथे रेंज येत नव्हती नेमका तिथेच, टेबलाशेजारी लावला. रिपीटर काय करतो, तर जे ऐकू येतं ते पुन्हा मोठ्यानं म्हणतो. त्याला मुळातच ऐकू येत नसेल तर तो मोठ्यानं तरी काय म्हणणार? तो लावावा अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून शाबूत असते तिथे. शिवाय साध्या रिपीटरला ऐकणं आणि बोलणं एकाच लहरीवर आळीपाळीनं करावं लागतं, त्यात निम्मा वेग जातो. लॅपटॉपवर रेंजच्या पाचही दांड्या दिसायच्या आणि नानांचं बोट तरी हवेतच. आता दांड्या दाखवणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास उरलेला नाही.

मग मी आकडे बघायला लागले. रेंज मोजतात ती डेसिबलमध्ये आणि आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे पन्नास म्हणजे उत्तम, उणे ऐंशी म्हणजे नुसती धुगधुगी. तीन कमी झाले की ताकद निम्मी, दहा कमी झाले की दहावा हिस्सा. टेबलापाशी उणे ७९ येत होता. फोनमध्ये हे दाखवणारं फुकट ॲप मिळतं. मी ते घेऊन घरभर फिरले तेव्हा चिरंजीव म्हणाले, "पाणाड्यासारखी काय फिरतेस?" पाणाड्या निदान विहीर कुठे खणायची ते सांगतो, नाना. हे तर हाती असलेल्या विहिरीवर पत्रा झाकून बसले होते.

त्याच ॲपनं शेजाऱ्यांचाही हिशेब दाखवला. आमच्या इमारतीतली आणि समोरची मिळून वीस-बावीस नेटवर्कं एकमेकांच्या अंगावर पडलेली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात इथे तेरा चॅनेल आहेत, पण ते इतके खेटून बसलेले की एकमेकांना धक्का न लावणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. आमच्या आसपासची निम्मी मंडळी सहावर. एकाच पारावर चार भजनी मंडळांनी एकदम टाळ कुटावेत तशी गत. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी आमचं भजन अकरावर हलवलं, तसा थोडा उतारा पडला.

पण रोज संध्याकाळी चार वाजता, म्हणजे तुमच्याकडे साडेआठला, आई जेवण आटोपून फोनवर येतात नेमकं तेव्हाच सगळं बंद पडायचं. चिरंजीवांच्या मते तुमच्याकडची लाइट जात असणार. खरं कारण तुमच्या नातीचं दूध. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि दार कितीही घट्ट असलं तरी थोडं काही बाहेर झिरपतंच. माणसाला त्याचा त्रास नाही, पण लॅपटॉपच्या कानात ठणाणा होतो. आता दूध गॅसवर, पातेल्यात. साय चांगली येते.

आता रोवळीचं सांगते. आईंनी मागच्या दिवाळीला पाठवलेली स्टीलची, तांदूळ धुवायची.

चिरंजीवांनी दुसरी खरेदी केली होती ती बोटाएवढ्या यूएसबी अडॅप्टरची. तो लॅपटॉपच्या बुडाशी खोचला आणि फरक काही पडेना. पडणार कसा? लॅपटॉपचा स्वतःचा अँटेना बहुधा पडद्याच्या कडेनं, वरच्या झाकणात असतो. त्याला सोडून आपण खाली टेबलाला चिकटून दुसरा लावायचा, तोही निळ्या यूएसबी ३ च्या खाचेशेजारी. ती खाच वापरात असताना २.४ गिगाहर्ट्झमध्ये कलकलाट करते. २०१२ मध्ये इंटेल कंपनीनं स्वतःच तसा अहवाल काढला होता. मी एक लांब यूएसबी वायर घेतली, अडॅप्टर तिच्या टोकाला लावून खिडकीच्या उंचीवर टांगला. आकडा सुधारला. मग मला हर्ट्झ आठवला. त्यानं जस्ताचा पत्रा वाकवून माणसापेक्षा उंच आरसा केला होता, लहरी गोळा करून एका जागी आणायला. माझ्याकडे जस्त नव्हतं, रोवळी होती.

चिरंजीव हसले. म्हणाले, "तिला भोकं आहेत." भोकं असू देत. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब असते. तांदळाचा दाणा अडवणाऱ्या भोकातून ती काय जाणार? तिच्या लेखी रोवळी म्हणजे अखंड स्टीलचं भांडं. अडॅप्टर रोवळीच्या पोटात मधोमध, तळापासून चार बोटं वर अडकवला, तोंड राउटरकडे केलं आणि थोडं इकडे-तिकडे सरकवलं. उणे ७९ चा उणे ६८ झाला. म्हणजे दहापटीहून जास्त, आणि खर्च शून्य. जगात बरेच लोक चाळण्या नि कढया लावून हा उद्योग करून चुकलेत, मी काही शोध लावला नाही. पण आईंची रोवळी कार्ल्सरूहमध्ये या कामाला लागलेली पहिलीच असेल.

नाना, हे शास्त्र तुम्हाला नवं नाही. तुम्ही अंबडच्या गच्चीवर दूरदर्शनचा जो ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना फिरवायचात, तो यागी आणि उदा या दोन जपान्यांनी १९२६ मध्ये काढलेला. त्यात मागची काडी आरशाचंच काम करते. चिरंजीव सांगतात की तुम्ही वरून "आलं का?" विचारायचात आणि आई खालून "होतं ते पण गेलं" म्हणायच्या.

एवढं झाल्यावर मात्र मी आग्रह धरला की आता राउटरच उचलायचा. भिंतीला भोक पाडून वायर आत घ्यावी म्हटलं, तर नेमका रविवार. इथे रविवारी ड्रिल लावलं तर शेजारी दार वाजवतात, भांडायला नाही, नियम सांगायला. शिवाय घरमालकाची लेखी परवानगी. म्हणून एक चपटी वायर आणली, दारांच्या फटीतून आणि गालिच्याखालून काढली आणि राउटर हॉलच्या मधोमध पुस्तकांच्या फळीवर, डोक्याच्या उंचीला ठेवला. टेबलापाशी आता उणे ५२ येतो. इतक्या जवळ ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही पोचतो. तो भिंतींना भितो, पण एका खोलीत असला की वेगवान, आणि दुधाशी त्याचं भांडण नाही. चिरंजीवांनी आणलेला रिपीटर परत खोक्यात गेला. ऑफिसात ते "आम्ही राउटर हलवला" असं सांगतात. 'आम्ही' बरं का.

आता तुमच्याकडचं. आमचा भाग सुधारला, त्यामुळे तुमचा उघडा पडला. मागच्या कॉलमध्ये आई सहज बोलून गेल्या की राउटर लोखंडी कपाटात कुलपात असतो. नाना, सातबारा आणि आईंच्या पाटल्या घराबाहेर जाऊ नयेत म्हणून कपाटात ठेवायच्या. राउटरचं तर सगळं काम बाहेर पडण्याचंच आहे. त्याला आधी तिथून सोडवा आणि पुढच्या खोलीत देवघराच्या वरच्या फळीवर ठेवा. इन्व्हर्टरचा प्लगही तिथेच आहे. आईंनी विणलेला रुमाल त्याच्यावर घालू नका. लहर रुमालातून जाईल, पण यंत्र तापतं. त्याच्या दोन काड्या खोलीकडे रोखून ठेवू नका. काडीच्या टोकातून काहीच निघत नाही, निघतं ते तिच्या चहूबाजूंनी. म्हणून एक उभी ठेवा, आणि वरच्या मजल्यासाठी दुसरी आडवी.

वरच्या पत्र्याच्या खोलीत मात्र फार आशा धरू नका. मधे स्लॅब आहे, त्यात जालन्याच्याच कारखान्यातल्या सळयांची जाळी, वर चारी बाजूंनी पत्रा. पोलाद आपल्याकडचं चांगलं आहे, हीच अडचण. तिथे बसून मोसंबीचा भाव बघायचाच असेल तर जिन्यातून एक वायर वर न्यावी. चांगल्या वायरीचं शंभर मीटरपर्यंत काही बिघडत नाही. आणि लॅपटॉप चार्जिंगवर नसला की तो वीज वाचवायला वायफायचाच गळा आवळतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये वायरलेसला 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' करायला भाच्याला सांगा. त्याला जमेल.

बागेला पहिलं पाणी देताना कोणती एक गोष्ट करायची, ते मात्र उलट टपाली कळवा. चिरंजीवांनी गॅलरीतल्या कुंडीत एक मोसंबी लावली आहे आणि तुमचं ते वर केलेलं बोट आठवून तिला अजून पाणी घातलेलं नाही.

तुमची सून

ता. क. जालन्याहून इकडे येणारं कुणी भेटलं तर दोन रोवळ्या पाठवा. स्टीलच्याच, प्लॅस्टिकच्या चालायच्या नाहीत. एक तांदळाला. दुसरी खालच्या मजल्यावरच्या आजींना हवी आहे. आमच्या खिडकीत टांगलेली बघून त्या आधी नियम सांगायला आल्या होत्या. आकडा दाखवल्यावर किंमत विचारून गेल्या.