महालक्ष्मी, मुक्काम पोस्ट पाणी

(रंगमंचावर एक बाकडं. त्यावर मांडी घालून एक कोल्हापूरकर बसलाय. कानाला मोबाईल.)

हॅलो... व्हय, थांबलीया गाडी. (ऐकतो) कुठं म्हंजे? बाहेर मिट्ट अंधार हाय. अंधाराला काय पाटी असतीया? (फोनवर हात ठेवून, प्रेक्षकांना) बायको. कोल्हापुरात बसून मला सांगतीया, "अवो, बदलापूर आन् वांगणीच्या मधी हायसा तुमी. मी बघालोय की टीव्हीवर!" गाडीत मी, आणि पत्ता तिला ठाऊक!

(फोन खिशात टाकतो.) तर मंडळी, ही गोष्ट २७ जुलै २०१९ ची. आदल्या रात्री मुंबईत महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. आदली रात्र म्हणजे कुठली? २६ जुलै! २००५ साली ह्याच तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्यात मांजर आडवं गेलं तरी माणूस पाच मिनिटं थांबतोय. अमावस्येला नवी गाडी शोरूममधनं काढत नाही. आणि २६ जुलैला मुंबईतनं रात्रीची रेल्वे? तिकीट कन्फर्म झालं म्हणून पेढे वाटून निघालो!

उजाडलं. खिडकीतनं बघतोय तर रूळ गायब. उल्हास नदी पात्र सोडून आमच्या गाडीला भेटायला आलेली. डावीकडं पाणी, उजवीकडं पाणी, मधी आम्ही, आणि बाटलीत थेंब नाही.

समोरच्या बर्थवर एक आण्णा होते. आमच्याच गावचे. आता कोल्हापूरच्या माणसाला पाणी दिसलं की तो भीत नाही. तो फूट मोजतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतंय. आण्णांनी टीसीला गाठलं.

(आण्णांचा आवाज) "सायेब, हितं किती फूट?"

"काका, ही रेल्वे आहे."

"आसू दे की! इशारा पातळी तर आसंल?"

तेवढ्यात सूचना आली. गाडीतून उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे. आणि कोल्हापूरकराला 'करू नका' म्हटलं, की संपलं! आण्णा उठले. धोतर खोचलं. ताडताड दारापर्यंत गेले. (बाकड्याच्या टोकाला जाऊन खाली वाकून बघतो. बराच वेळ बघतो. हळूच परत येऊन मांडी घालतो.) "बरोबर हाय त्येंचं."

फोन मात्र थांबेनात. मेहुणा सांगतोय, "दाजी, टपावर चढा!" चुलता सांगतोय, "टपावर अजिबात चढू नको!" एकानं तर विचारलं, "अडकलाच हायस, तर बदलापूरला माझा एक प्लॉट हाय, तेवढा बघून येतोस काय?"

आणि टीव्ही! आधी म्हणाले, दोन हजार प्रवासी अडकले. थोड्या वेळानं म्हणाले, सातशे. आण्णांचा चेहरा पांढराफटक. "आरं, मधलं तेराशे गेलं कुठं?" त्यांनी आमचा डबा दोनदा मोजला. खरा आकडा निघाला सुमारे १०५०. म्हणजे आम्ही जागचे हललो नाही, पण आमची आवकजावक चालूच होती.

वर हेलिकॉप्टर आलं. आम्ही त्याला हात केले. मग एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदलाची माणसं आली, आजूबाजूच्या गावची पोरं पाणी तुडवत आली. इथं मात्र मी चेष्टा करणार नाही. गाडीत नऊ गरोदर बाया होत्या. त्या सगळ्या आणि आम्ही बाकीचे, दुपारपर्यंत एकूण एक माणूस सुखरूप बाहेर. कुणाची चप्पल गेली असंल, पण माणूस नाही.

माझा नंबर आला. नारिंगी जाकीट घातलं, बोटीत पाय टाकला, आणि फोन वाजला.

"अवो, त्यो नारिंगी जाकीटातला तुमीच न्हवं?"

"आगं, सगळ्यांनीच घातलंय!"

"तुमीच! पोट आत घ्या की, सगळं कोल्हापूर बघालंय!"

(पोट आत घेऊन, श्वास कोंडून हात हलवतो.)

तिथनं आम्हाला मंगल कार्यालयात नेलं. आयुष्यात पहिल्यांदा आहेर न देता जेवलो! मग कल्याणहून खास गाडी सोडली आणि एकदाचं कोल्हापूर आलं. गल्लीत सत्कार झाला. नारळ दिला, फेटा बांधला. मी भाषणात म्हणालो, "बंधूंनो, आता पाण्याचं भय उरलं नाही."

(थांबतो.)

ऑगस्टचा पहिला आठवडा. पंचगंगा ५५ फुटांच्या वर! पुणे-बंगळूर महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद. मी माडीवर, जिन्यात पाणी. फोन वाजला. आण्णा! पलीकडच्या गल्लीत, तेही माडीवर.

"बगितलंस? धोक्याच्या वर बारा फूट! न्हाईतर ती उल्हास, येका फुटाचाबी हिशोब न्हाई!"

आता तुम्हाला एवढंच सांगतो. पावसाळ्यात रात्रीच्या गाडीला बसणार असाल, तर पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या घ्या, बिस्किटं घ्या, फोनची पॉवरबँक भरून घ्या. आणि काही झालं तरी इस्त्रीचा शर्ट घाला. टीव्हीवर कधी याल, सांगता येत नाही.