गिऱ्हाईक कुठं आहे?

मागच्या महिन्यात एका महाविद्यालयात ‘उद्योजकता आणि नवोपक्रम’ या विषयाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. सांगोल्याकडचा एक मुलगा समोर बसला. प्रकल्प होता डाळिंबाच्या बागेतली मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा. अहवाल ४० पानी, स्पायरल बाइंडिंग केलेला. शेवटी पाच वर्षांच्या नफ्यातोट्याचा तक्ता आणि त्यात तिसऱ्या वर्षी दोन कोटींची उलाढाल.

“घरी डाळिंब आहे?”

“तीन एकर आहे सर.”

“मग वडिलांनी वापरून बघितलं का हे?”

“नाही सर. सबमिशन जवळ आलं होतं.”

मी त्याला तिथंच घरी फोन लावायला सांगितला. स्पीकरवर वडील म्हणाले, “आरं, मोबाईलचा स्टार्टर दिवाळीपासनं बसवलाय की आपल्या मोटरीला. माझं दुखणं डाळिंबावरला तेल्या रोग हाय. त्याच्यावर काय निघत असंल तर बघ.”

होस्टेलवर राहणाऱ्या त्या पोराचा चेहरा उतरला. मला राग आला तो त्याच्यावर नाही. मूल्यमापनाचा तक्ता माझ्यासमोर होता. अहवालाला मार्क, सादरीकरणाला मार्क, हजेरीला मार्क. गिऱ्हाइकाशी बोलण्याला एकही मार्क नाही. मग पोरानं कुणाला आणि कशासाठी विचारायचं?

वाणिज्य शाखेची उद्योजकतेची पुस्तकं उघडा. ‘काकीनाडा प्रयोग थोडक्यात लिहा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मुलं प्रयोग करणाऱ्या मॅक्लेलँडचं नाव पाठ करतात, १९६४ साल पाठ करतात, पाच मुद्दे लिहितात. पण त्या प्रयोगात झालं काय होतं? आंध्रातल्या काकीनाड्याचे ५२ छोटे व्यापारी-कारखानदार हैदराबादला प्रशिक्षणाला नेले होते. त्यांची लेखी परीक्षा हा काही निकाल नव्हता. गावी परतल्यावर त्यांनी धंद्यात काय केलं, नवी गुंतवणूक किती, नवी माणसं कामावर किती घेतली, हे मोजलं गेलं. तो प्रयोग आपण पाठ करायला लावतो आणि त्यातली मोजायची रीत मात्र सोडून देतो. हे मला फार लागतं.

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं २०११ मध्ये शास्त्रज्ञांसाठी आय-कोअर नावाचा कार्यक्रम सुरू केला. स्टीव्ह ब्लँक यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकवलेल्या अभ्यासक्रमावर तो उभा आहे. प्रयोगशाळेत काहीतरी शोधलेल्या चमूनं सुमारे सात आठवड्यांत १०० संभाव्य ग्राहकांशी स्वतः बोलायचं, ही त्यातली मुख्य अट. डॉक्टरेट झालेल्या माणसांना तिथं दारोदार पाठवतात. आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलांना आम्ही वर्गातच बसवून ठेवतो. शंभर नकोत, दहा माणसांकडे पाठवा. दहाव्या माणसापर्यंत प्रकल्प बदललेला असेल, याची मला खात्री आहे.

आता पेटंटचं बघा. महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागतो, ‘आमच्या प्राध्यापकांना पेटंट’. बहुतेक वेळा ते मिळालेलं नसतं, नुसता अर्ज प्रसिद्ध झालेला असतो. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात येतोच. जादा शुल्क भरून विनंती केली तर आणखी लवकर येतो. शोध नवा आहे का, उपयोगी आहे का, याची तपासणी त्यानंतर, तीही वेगळी मागणी केली तरच. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. पण अर्ज प्रसिद्ध झाला की महाविद्यालयांच्या क्रमवारीच्या तक्त्यात एक आकडा वाढतो, आणि तिथंच पुष्कळांचा उत्साह संपतो. तपासणीची मागणी मुदतीत केली नाही तर अर्ज मागे घेतल्यासारखाच धरतात. तोवर त्यातली कल्पना सगळ्या जगासमोर उघडी पडलेली असते. त्या अर्जावर विद्यार्थ्यांचीही नावं असतात. त्यांना यातलं किती जणांनी समजावून सांगितलं असेल? फ्लेक्सचा खर्च वाचवा आणि पोरांना पेटंटचा अर्ज वाचायला शिकवा.

मुरलेले उद्योजक सुरुवात कशी करतात, तेही बघा. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांच्या विद्यार्थिनी सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एकच काल्पनिक धंदा दिला आणि विचार करताना मोठ्यानं बोलायला सांगितलं. बाजाराच्या आकडेवारीवर त्यातल्या बहुतेकांचा विश्वासच नव्हता. ते सुरुवात हाताशी असलेल्या गोष्टींपासून करत होते. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण. या तिन्ही प्रश्नांना सांगोल्याच्या त्या पोराकडे उत्तरं होती. मी डाळिंबवाल्याचा मुलगा, मला इलेक्ट्रॉनिक्स येतं, माझ्या गावात घरटी बाग आहे. अहवालात यातली एक ओळ नव्हती. दोन कोटी मात्र होते.

आणि धंद्याला लागणारा वेळ? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली, नोकरी सोडली, बेळगावात सायकली विकल्या. पुढं १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल, असं शेतकऱ्यांना वाटत होतं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आमचं एक सत्र म्हणजे शिकवण्याचे जेमतेम ९० दिवस. आजच्या मूल्यमापनाच्या तक्त्यानं लक्ष्मणरावांना चार सत्रं सलग नापास केलं असतं.

आणि तरतुदी नाहीत असंही नाही. केंद्रानं २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी नवोपक्रम व स्टार्टअप धोरण काढलं. स्वतःचं काही उभं करणाऱ्या विद्यार्थ्याला एक सत्र किंवा वर्षभर शिक्षण थांबवून परत येता यावं, हजेरीत सूट मिळावी, केलेल्या कामाचे श्रेयांक मिळावेत, असं त्यात सुचवलंय. तोंडी परीक्षेला आलेल्या एकेका मुलाला मी या धोरणाबद्दल विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. नवोपक्रम कक्षाची पाटी दाराबाहेर होती, उद्घाटनाचे फोटो भिंतीवर होते. धोरणाची प्रत सूचना फलकावर लावायला किती वेळ लागतो?

मी निघताना विभागप्रमुखांकडे एवढंच मागितलं. पुढच्या वर्षीपासून अहवालाचे मार्क निम्मे करा. राहिलेले मार्क दहा गिऱ्हाइकांशी झालेल्या बोलण्याच्या वहीला द्या. आणि कुणी एक वस्तू विकून खरे शंभर रुपये आणले तर ती पावती अहवालाच्या पहिल्या पानावर लावू द्या. तोटा झाला तरी मार्क कापू नका, तोटा कशात झाला ते लिहायला लावा. ते म्हणाले, अभ्यास मंडळापुढं ठेवतो. त्यांनी ते मनापासून ठेवावं, मी पाठपुरावा करणार आहे.

तो मुलगा जिन्यात थांबला होता. कागदावर त्यानं काहीतरी खरडलं होतं. तेल्याचा डाग कुठल्या आठवड्यात पहिल्यांदा दिसतो, पाऊस आणि दमटपणा तेव्हा किती असतो, बागेत हवामान मोजायची पेटी बसवली तर फवारणीची वेळ आधी कळेल का. शेजारच्या चार बागाईतदारांची नावं लिहिली होती, त्यांना विचारायला रविवारी गावी चालला होता. त्याच्याकडे अजून दोन सत्रं आहेत. कॉलेजनं ती त्याला या कामासाठी द्यावीत.